राज्यपालपदाच्या उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासायचा कुणी?

सरपंचपदाला उभं राहणाऱ्याला शपथपत्र द्यावं लागतं. किती गुन्हे, किती मालमत्ता, किती मुलं, सगळं लिहून द्यावं लागतं. नगरसेवकाचंही तेच. आणि राज्याच्या सर्वोच्च घटनात्मक पदावर बसणाऱ्याला? संविधानाच्या कलम १५७ प्रमाणे तो भारताचा नागरिक असावा आणि त्याचं वय ३५ पूर्ण असावं. बस्स. बाकी काय ते दिल्लीला ठाऊक. रात्री नाव जाहीर होतं आणि सकाळी आपण वर्तमानपत्रात वाचतो की हे गृहस्थ कोण.

पुण्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न लांबचा वाटत नाही. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत ही एकेकाळी मुंबई प्रांताच्या गव्हर्नरची पावसाळ्यात राहायची कोठी होती. गव्हर्नर गेले, १९४९ साली विद्यापीठ आलं, २०१४ साली त्याला सावित्रीमाईंचं नाव मिळालं. पण कुलपती म्हणून वर बसतो तो राज्यपालच. याच आवारात फेब्रुवारी २०२२ मध्ये माईंच्या पुतळ्याचं अनावरण करायला तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आले आणि माईंच्या बालविवाहावर हसत हसत बोलून गेले. १८४८ साली याच शहरात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या बाईविषयी, तिच्याच पुतळ्यासमोर, तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या कुलपतींना एवढंच सुचलं.

लोक म्हणाले, जीभ घसरली. आम्हाला ते मान्य नाही. माणूस एका दिवसात घडत नाही. कोश्यारी संघाचे जुने कार्यकर्ते. उत्तराखंडचे मुख्यमंत्री, मग राज्यसभा, मग २०१४ ते २०१९ नैनितालहून लोकसभा. आणीबाणीत तुरुंगात गेले, शिक्षक होते, साप्ताहिक काढलं, हेही सांगितलं पाहिजे. पण मे २०१९ पर्यंत खासदार असलेला माणूस सप्टेंबरमध्ये राजभवनात! सरकारिया आयोगाने १९८८ सालीच सांगितलं होतं की राज्यपाल असा असावा ज्याने नजीकच्या काळात राजकारणात फार भाग घेतलेला नाही. तो अहवाल कुणी उघडूनही पाहिला नसेल.

आता काँग्रेसवाल्या मित्रांनी फार टाळ्या वाजवू नयेत. २००४ साली कर्नाटकात मुख्यमंत्रीपद गेलेले एस. एम. कृष्णा मुंबईच्या राजभवनात आले आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रीपदावरून उतरलेले सुशीलकुमार शिंदे हैदराबादला राज्यपाल म्हणून गेले. पुढे दोघेही केंद्रात मंत्री झाले. म्हणजे राजभवन हे एसटी स्टँडवरचं प्रतीक्षालय! पुढची गाडी लागेपर्यंत बसायचं. शिंदेसाहेब आपल्या समाजाचे म्हणून आपण तेव्हा हारतुरे घेऊन खूश होतो. आपल्यातला माणूस राज्यपाल झाला एवढ्यावर समाधान मानायची ही सवय आपल्याला महागात पडते. दादासाहेब गवई आधी बिहारचे आणि मग केरळचे राज्यपाल झाले, पण त्यांच्यामागे विधान परिषदेतली तीस वर्षं, उपसभापतीपद, सभापतीपद आणि रिपब्लिकन चळवळ होती. त्यांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत, पण त्यांचा पूर्वेतिहास कुणाला शोधावा लागला नाही.

इथे एक जण हमखास उठतो : राज्यपाल नेमलेला असावा हे तर तुमच्या बाबासाहेबांनीच मान्य केलं ना? हो, केलं. पण अर्धंच वाचू नका. घटनेच्या मसुद्यात राज्यपाल निवडून येण्याची तरतूद होती. दुसरा पर्यायही होता : विधिमंडळाने चार उमेदवारांची नावं द्यावीत, राष्ट्रपतींनी त्यातून एक नेमावं. मे १९४९ मध्ये संविधान सभेने दोन्ही सोडून थेट नेमणूक स्वीकारली. त्या वेळी बाबासाहेबांच्या म्हणण्याचा पाया काय होता? राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालवायची सत्ता जवळजवळ नाही, मग शोभेच्या पदासाठी निवडणुकीचा खर्च आणि खटाटोप कशाला. म्हणजे सत्ता नाही म्हणून निवडणूक नाही. आज सत्ता वापरली जाते आणि वर निवडणूकही नाही, हे बाबासाहेबांच्या नावावर खपवता येणार नाही.

सत्ता किती, ते पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं पाठवली. त्यात भीमगीतं घराघरात नेणाऱ्या शिंदे घराण्यातले आनंद शिंदे होते. कलम १७१ मध्ये कला आणि समाजसेवा हे शब्द याच लोकांसाठी आहेत. राज्यपालांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगूनही यादी पडूनच राहिली. २०२२ च्या बहुमत चाचणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला. तोवर सरकार बदललेलं, राज्यपालही घरी गेलेले.

आणि ज्याची चर्चा कुठल्याच वाहिनीवर होत नाही ती पाचवी अनुसूची. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. एखादा कायदा तिथे लागू करायचा की नाही, बदलून लागू करायचा का, हे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतो. कोश्यारींनीच २०२० मध्ये हा अधिकार वापरून वनहक्काच्या दाव्यांवर अपिलाची वाट मोकळी केली. चांगलं केलं, म्हणायलाच हवं. पण म्हणूनच विचारतो : एवढी ताकद ज्याच्या सहीत आहे, त्याने आयुष्यात जंगल, जमीन, ग्रामसभा यांचं कधी काही केलंय का, हे नेमणुकीआधी कळायला नको?

आमची मागणी साधी आहे. नाव आधी जाहीर करा. उमेदवाराने कुठे काम केलं, कोणत्या पक्षात कधीपर्यंत होता, आरक्षण, वनहक्क आणि विद्यापीठांबद्दल काय बोलला-लिहिला, ते विधिमंडळापुढे ठेवा. सरपंचाला जमतं ते राज्यपालाला का जमू नये?

जय भीम.