सात महिन्यांचे अध्यक्षपद

ऑगस्ट २००० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, भारतीय जनता पक्षाचे पहिले दलित अध्यक्ष या नात्याने, मुसलमान समाजाकडे आपुलकीने पाहण्याचे आवाहन ज्यांनी स्वपक्षीयांस केले, त्याच बंगारू लक्ष्मण यांच्या हातून अवघ्या सात महिन्यांत त्या पदाची अप्रतिष्ठा व्हावी, याचा विषाद आम्हांस आजही वाटतो. १३ मार्च २००१ रोजी 'तहलका'ने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत, एका बनावट शस्त्रकंपनीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या वार्ताहराकडून एक लाख रुपयांच्या नोटा घेऊन त्या मेजाच्या खणात ठेवणारे पक्षाध्यक्ष साऱ्या देशाने पाहिले. रक्कम पक्षनिधीसाठी घेतली, हा त्यांचा खुलासा. परंतु संरक्षण खात्याच्या खरेदीत मध्यस्थी मागणाऱ्याकडून स्वीकारलेला निधी आणि लाच यांत आम्ही तरी भेद मानीत नाही. पद तत्काळ गेले. एप्रिल २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने चार वर्षांची सक्तमजुरी सुनावली. १ मार्च २०१४ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

शिक्षा रास्तच होती. तथापि जन्मभर पक्षकार्यात झिजून, पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेल्या दारातून आत आलेल्या मनुष्याने ते स्थान इतक्या क्षुल्लक रकमेपायी गमवावे, ही हानी त्यांच्या एकट्याची नव्हती. वाचकहो, आपण ज्या पक्षाला मत देता, त्याच्या तिजोरीचा हिशेब त्याच्याकडे अवश्य मागा.