बिबट्याचं भूत करू नका

भयकथेवर ॲनिमेशनपट करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी भूत रेखाटायला बसतात. तिथेच घोडं पेंड खातं. एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’वर १९५३ साली निघालेल्या लघुपटात खुनी जवळजवळ दिसतच नाही, त्याचा आवाज आणि सावली पुरते. हा लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला.

आपल्याकडे कथांचा तुटवडा नाही. नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली गाजला. मात्र धारप २००८ साली गेले, आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कायदा त्याचे हक्क जपतो. तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी वारसांची परवानगी घ्या.

जागा हवी तर जुन्नर-आंबेगाव आहेच: नाणेघाटातलं धुकं, भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री उजळणारी बुरशी. पण इथली खरी भीती उसात दडलेल्या बिबट्याची आहे. वीज अनेकदा रात्रीची, म्हणून शेतकरी रात्री पाणी द्यायला निघतो. बॅटरीचा झोत दोन सऱ्यांपलीकडे जात नाही, आणि पाचट वाजतं. सेकंदाला १२ चित्रं धरली, तरी १० मिनिटांना ७,२०० लागतात. त्यातली निम्मी या अंधारावर खर्च करा.

बिबट्याला मात्र सैतान बनवू नका. त्याच्या हल्ल्यांत माणसं इथे दगावली आहेत. त्यांच्या दुःखावर सवंग थरार उभारणं बरं नव्हे. या अंकातले लेख वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

— संपादक