खरखर कुणाची?

ऑर्नेट कोलमनच्या चौकडीची ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ ही रेकॉर्ड पुन्हा धुऊनपुसून बाजारात आलीय. रीमास्टर म्हणतात त्याला. जुनी टेप नव्या यंत्रावर चढवायची, खरखर काढायची, दबलेले आवाज वर आणायचे. दोस्ताच्या फोनवर दोन्ही आहेत : जुन्या तबकडीवरून उतरवलेली, खरखरणारी, आणि ही धुतलेली. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या आडोशाला बसून दोन्ही ऐकल्या. आपण मॅट्रिक झालेला माणूस. जॅझचं शास्त्र येत नाय. पण कान आहेत.

आधी कबूल करतो, धुण्याचा फायदा झालाय. जुन्यात चार्ली हेडनचा बास भिंतीपलीकडून येतो. नव्यात तार ओढणारं बोट ऐकू येतं. ‘लोनली वुमन’मध्ये खाली हेडन आणि ड्रमवर बिली हिगिन्स धावत असतात, आणि वर ऑर्नेटचा सॅक्सोफोन नि डॉन चेरीचा कॉर्नेट मयताच्या घरातल्या बायांसारखे संथ हेल काढतात. दोघं एकत्र, पण एक हुंदका पुढेमागे. ती फट आता साफ कळते.

मग राग कशाचा? राग याचा, की आज ‘अभिजात’ म्हणून विकतात तीच चीज तेव्हा लोकांना खरखर वाटली होती. १९३० साली टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला जन्मलेला काळा पोरगा. बॅटन रूजला लोकांनी मारला, सॅक्सोफोनची वाट लावली. लॉस एंजेलिसला लिफ्ट चालवायचा, तिथंच संगीताची पुस्तकं वाचायचा. पितळी वाद्य परवडेना म्हणून प्लॅस्टिकचं घेतलं. २२ मे १९५९ ला ही टेप झाली ती त्याच प्लॅस्टिकवर. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये चौकडी उभी राहिली तर जाणकारांत भांडणं. कुणी डोक्यावर घेतला, कुणी म्हणालं याला वाजवताच येत नाय. २०१२ च्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने हीच टेप राष्ट्राचा ठेवा म्हणून घातली. च्यायला, त्रेपन्न वर्षं!

या चौकडीत पियानो नाही. पियानो स्वरांची चौकट आखून देतो, बाकीच्यांनी तिच्यात वाजवायचं. ऑर्नेटने तो मुकादमच काढून टाकला. आमच्या टोळीत मुकादम चहाला गेला की माणसं एकमेकांच्या खांद्याकडे बघून ओझं उचलतात, आणि ओझं बरोबर उचललं जातं. ज्याने कधी उचललं नाही त्याला लांबून तो गोंधळ दिसतो. (हेडन गोरा होता, हेही सांगून टाकतो. १९७१ मध्ये लिस्बनजवळ ऑर्नेटबरोबर वाजवताना त्याने अंगोला, मोझांबिकच्या काळ्या लढवय्यांना गाणं अर्पण केलं. पोर्तुगीज पोलिसांनी उचलला.)

आणि मजुरी? आपल्याला कमी पैसे मिळतात हे ऑर्नेटला लवकरच कळलं. त्याने भाव वाढवून मागितला. डिसेंबर १९६२ मध्ये टाउन हॉलला स्वतःच कार्यक्रम लावला, आणि मग १९६५ पर्यंत जाहीर वाजवणंच बंद. एका माणसाचा संप. रीमास्टरवाले टेपेची खरखर काढतात, ही खरखर कोण ऐकतो?

१९७८ साली न्यू जर्सीत लाँग ब्रँचला अटलांटिक कंपनीचं गोदाम जळालं. न छापलेल्या कितीतरी टेपा गेल्या, त्यात याच्याही. वाचल्या त्या १९९३ मध्ये सहा सीडींच्या पेटीत निघाल्या. जळाल्या त्यांना कुठलं यंत्र धुणार? गोदामातली आग म्हणजे काय ते आम्हा गोदीवाल्यांना शिकवायला नको.

तेव्हा दोस्तांनो, नवी ऐका, जरूर ऐका. पण आधी ती जुनी खरखरणारी ऐका. दोन्ही दोस्ताच्या फोनवर आहेत. रविवारी खोलीवर या, इअरफोन एकच आहे, आळीपाळीने ऐकू.