अडकलेली पिन आणि डोळ्यातला कचरा

या सदरात रक्तदाब, मधुमेह, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर लिहायचे असते. आज मी ट्रॅक्टरमागच्या अवजारातील एका लोखंडी पिनेवर लिहिणार आहे. वाचकांनी नवल करू नये. दर्यापूरसारख्या तालुक्यात माणसांच्या डोळ्यांना आणि हातांना होणाऱ्या इजांबद्दल बोलायचे तर दवाखान्यातून उठून धुऱ्यावर जावेच लागते.

गेल्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. सोबत शेतमालक होता. मुलाचा उजवा डोळा किंचित लाल होता, पाणी येत होते. "काय झालं रे?" विचारले तर म्हणाला, "डोयात कचरा गेला जी. मले दिसते सारं, नुसतं खुपते." कधी गेला? तर परवा. दोन दिवस डोळ्यात गुलाबपाणी घातले होते. एका म्हातारीने जिभेने कचरा काढण्याचाही प्रयत्न केला होता. बॅटरी लावून पाहिले तेव्हा बुबुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी जखम दिसली आणि बाहुली गोल न राहता पाण्याच्या थेंबासारखी एका बाजूला ओढली गेली होती. मी विचारले, "ठोकाठोकी करत होतास काय?" मालकच म्हणाला, "हो जी. रोटाव्हेटरची पिन अडकली होती. ह्यानं छिन्नी धरली होती, मी घन मारत होतो."

ही पिन म्हणजे काय ते शहरी वाचकांसाठी सांगतो. ट्रॅक्टरची शक्ती मागच्या अवजाराला ज्या फिरत्या दांड्याने मिळते, त्याला आपल्याकडे जॉइंट म्हणतात. अनेक अवजारांत या दांड्यात एक मऊ पोलादाची पिन किंवा बोल्ट घातलेला असतो. त्याला शिअर पिन किंवा शिअर बोल्ट म्हणतात. जमिनीतला दगड किंवा मोठे खोड लागले, पऱ्हाटीचा गुंडाळा अडकला आणि अवजार एकदम थांबले, म्हणजे ही पिन तुटते व गिअरबॉक्स वाचतो. तुटणे हेच तिचे काम आहे. पण तुटताना तिच्या कडा वळतात, बाहेरचे व आतले भोक एकमेकांपासून सरकते आणि तुकडा मध्ये पाचरीसारखा बसतो. अवजार जुने असेल तर गंजही असतो. आपल्या खारपाणपट्ट्यात अवजार धुवायचे पाणीच खारे. त्या पाण्याने लोखंडाचे काय होते, हे मी सांगायला नको.

अशी पिन मोडते ती नेमकी कामाच्या घाईत. अवजार भाड्याचे असते, पुढचा शेतकरी वाट पाहत असतो, मिस्त्री गावात गेलेला असतो. मग हाताला येईल ते घेऊन ठोकणे सुरू होते. कडक पोलादाचा बोल्ट सुंभा म्हणून लावतात, त्यावर हातोडी मारतात. कुठे छिन्नीचे डोके वर्षानुवर्षे मार खाऊन पसरलेले असते, त्याच्या कडेला पाकळ्या आलेल्या असतात. कडक पोलादावर कडक पोलाद आपटले की त्याची कपची उडते. ती तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असते, पण वेग एवढा की डोळ्याचे वरचे आवरण भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचण्याएवढी असल्याने दुखत नाही. पहिल्या दिवशी दिसतेही नीट. त्यामुळेच हा रोगी डॉक्टरकडे उशिरा येतो, आणि त्यामुळेच डॉक्टरही फसतो.

मी फसलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात असाच एक शेतकरी आला होता. लाल डोळा पाहिला, थेंब लिहून दिले, दोन दिवसांनी या म्हणालो. तो आला आठ महिन्यांनी. बुबुळाचा रंग तांबूस झाला होता आणि नजर गेली होती. डोळ्यात लोखंड राहिले की ते गंजते आणि तो गंज आतल्या पडद्याला मारतो. "ठोकाठोकी करत होतात काय?" हा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर त्या माणसाचा डोळा कदाचित वाचला असता. तेव्हापासून लाल डोळ्याच्या प्रत्येक माणसाला मी तो विचारतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे. लोखंड ठोकताना डोळ्याला काही लागल्यासारखे वाटले, तर दिसत असो वा नसो, तो 'कचरा' समजू नका. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. पाण्याने धुवायचा नाही. साध्या धुळीला पाणी चालते, आरपार जखमेला चालत नाही. तूप, मध, गुलाबपाणी, घरातले जुने थेंब यांपैकी काही घालायचे नाही. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून त्याच्या कडा चिकटपट्टीने कपाळाला व गालाला चिकटवाव्यात, म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही. रोग्याला खायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. आणि त्याच दिवशी नेत्रशल्यचिकित्सक असेल तिथे, अमरावतीला किंवा अकोल्याला, न्यावे. पहिल्या चोवीस तासांना फार किंमत आहे, कारण आत पू झाला तर डोळा वाचवणे कठीण होते. तपासणारास लोखंडाचे काम करत होतो हे न विसरता सांगावे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये कण दिसतो. एमआरआय मात्र अशा डोळ्याचा करत नाहीत, कारण त्या यंत्रातले चुंबक आतला कण हलवते. धनुर्वाताची लस घेतली नसेल तर तीही घ्यावी.

आता पिन काढण्याबद्दल. मी मिस्त्री नाही, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलो आहे आणि माझ्या वडिलांच्या घनाखाली मीही छिन्नी धरलेली आहे. प्रथम ट्रॅक्टर बंद करावा आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. 'नुसता क्लच दाबून धर' हा प्रकार नको. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्टा किंवा पदर सापडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. अवजार जमिनीवर टेकवावे, नुसते उचलून त्याखाली हात घालू नये. अडकलेली पऱ्हाटी आधी कोयत्याने कापून काढावी. तिचा ताण असेल तोवर पिन सुटत नाही, आणि सुटली तर दांडा एकदम फिरून बोटे घेतो. मग दांडा हाताने थोडा मागेपुढे करून दोन्ही भोके एका ओळीत आणावी. निम्मी अडचण इथेच जाते, पण घाईत हेच कोणी करत नाही. त्यावर गंज सोडवणारे तेल, नसेल तर डिझेल, टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी भोकापेक्षा थोडा बारीक, सरळ सुंभा लावून मोजके ठोके द्यावे. पितळेचा सुंभा मिळाला तर उत्तम, त्याची कपची उडत नाही. तरीही निघाली नाही तर मधोमध खूण करून लहान बिटने भोक पाडावे. गॅसने तापवण्याचे काम मिस्त्रीवर सोडावे. डिझेल टाकलेल्या जागी तर ज्योत नेऊच नये.

आणि नवी पिन कंपनीने सांगितलेल्या मापाची व मऊपणाचीच घालावी. "कडक बोल्ट टाकला जी, आता तुटतच नाही," असे अभिमानाने सांगणारे मला भेटतात. पिन तुटली नाही तर गिअरबॉक्स तुटेल, किंवा गुंतलेल्या माणसाचा हात तुटेपर्यंत दांडा थांबणार नाही.

चष्म्याबद्दल लोक हसतात. पाच लिटर डिझेलच्या पैशात डोळ्याच्या बाजूही झाकणारे दोन-तीन चांगले पारदर्शक चष्मे येतात. काळा गॉगल किंवा नंबरचा साधा चष्मा ते काम करत नाही. माझे स्पष्ट मत असे की हे चष्मे विकत घेऊन अवजाराच्या पेटीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि पहिला चष्मा छिन्नी धरणाऱ्याला द्यायचा असतो. त्याचे तोंड पिनेपासून वीतभर अंतरावर असते, घन मारणाऱ्याचे नव्हे.

धोका कोण पत्करतो आणि भरपाई कोणाला मिळते, याचा हिशेबही विचित्र आहे. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपयांची तरतूद आहे. पण ती सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याला व त्याच्या कुटुंबातील एका माणसाला. छिन्नी धरणारा मजूर त्यात बसत नाही. मळणीयंत्रांनी मजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला, पण त्याचा रोख मळणीयंत्रावर होता. त्याच्याही आधी, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने वा इतर यंत्रशक्तीने होणाऱ्या शेतीवरचा मजूर घेतलेला होता. एका डोळ्याची नजर जाणे म्हणजे कमाईची ३० टक्के शक्ती जाणे, असे त्यात मोजलेले होते. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. एवढ्या वर्षांत आमच्या भागातला एकही मजूर त्याचे नाव घेऊन माझ्याकडे दाखला मागायला आलेला मला आठवत नाही. मालकांनाही तो ठाऊक नसतो.

त्या मुलाला त्याच दिवशी अमरावतीला पाठवले. शस्त्रक्रियेने कण निघाला, डोळा राहिला, पण त्या डोळ्याने त्याला समोर धरलेली बोटे मोजता येतात एवढेच दिसते. खर्च मालकाने केला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. गेल्या महिन्यात मुलगा पुन्हा आला होता. डोळा दुखत नव्हता. त्याला एवढेच विचारायचे होते, "डॉक्टरसाहेब, मले ट्रॅक्टरचं लायसन भेटन काय जी?" मी त्याला फेरतपासणीची चिठ्ठी लिहून दिली.