वर्षावासात घरी येणारी लेक



आषाढी पौर्णिमा झाली की मानोऱ्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. दिवसभर शेतात निंदण करून आलेल्या आयाबाया हातपाय धुऊन, पांढरे लुगडे नेसून येऊन बसतात. वाचायला कोणी तरी शिकलेले लागते. गेल्या तीन-चार वर्षांपासून जुलै महिन्यात हे काम आमच्या वस्तीतली एक लेक करते. ती आखातातल्या एका देशात, भारतीय मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मुलीला त्यांनी बी.एस्सी., बी.एड. केले. तिचे नाव इथे लिहीत नाही, कारण गोष्ट तिच्या एकटीची नाही. आता आपल्या समाजातले शिक्षक, नर्स, तंत्रज्ञ देशाबाहेर जाऊ लागले आहेत. त्यांच्या घरी पगाराचे बोलणे पुष्कळ होते, पण सुट्टीचे बोलणे कोणी करीत नाही. आज ते बोलणे आम्ही करणार आहोत.

आधी हे समजून घेऊ, की ही लेक नेमकी पावसाळ्यातच का येते. आपल्या विदर्भात शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात. ऊन फार म्हणून बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडल्या तरी आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आखातात कडक उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये असतो. म्हणून तिथल्या बहुतेक भारतीय शाळा एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू करतात आणि साधारण जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी देतात. काही ठिकाणी ती जूनमध्येच लागते. म्हणजे आपल्या मुलांची सुट्टी संपते, तेव्हा परदेशातल्या शिक्षकाची सुरू होते. भाचे-पुतणे शाळेत, भाऊ डवरणीला आणि आई निंदणाला. घरी आलेली लेक दिवसभर एकटीच बसून राहते.

सणांचेही तसेच. १४ एप्रिलला तिथे नवे वर्ग नुकतेच सुरू झालेले असतात. बुद्धपौर्णिमेला शाळा चालू असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दिवाळीच्या दिवसांतही मोठी रजा मिळत नाही. आपल्या साऱ्या मंगल दिवसांपैकी एकच दिवस तिच्या सुट्टीत सापडतो, तो आषाढी पौर्णिमेचा. ती बहुतेक जुलैमध्येच येते. याच दिवशी तथागतांनी सारनाथला पाच जणांना पहिला उपदेश केला आणि याच दिवसापासून वर्षावास सुरू होतो.

वर्षावास म्हणजे काय, हे जरा सुट्टीच्या दृष्टीने पाहा. भिक्खू हे गावोगाव, देशोदेशी फिरून शिकवणारे शिक्षकच होते. पूर्वी ते पावसाळ्यातही फिरत. लोक कुरकुरू लागले, की पाखरेसुद्धा पावसात घरटी करून राहतात आणि हे मात्र हिरवे गवत, कोवळे जीवजंतू तुडवीत हिंडतात. तेव्हा भगवंतांनी नियम केला, की पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे. फिरत्या शिक्षकाला वर्षातून एकदा थांबण्याची सवड या नियमाने मिळाली. एवढेच नाही. त्या तीन महिन्यांत वास सोडून जायचे नाही, असा दंडक असला तरी त्यातही रजेची सोय ठेवली होती. विनयपिटकाच्या महावग्गात लिहिले आहे, की आई किंवा वडील आजारी असल्याचे कळले, तर बोलावणे आले नसले तरी भिक्खूने जावे, मात्र सात दिवसांत परत यावे. घरदार सोडलेल्या माणसालासुद्धा आजारी आईबापाजवळ जाण्याची मोकळीक अडीच हजार वर्षांपूर्वी मिळत होती, हे ध्यानात ठेवा. पुढची हकीकत त्याच्याशी जोडलेली आहे.

ही लेक नोकरीला निघाली, तेव्हा तिने कराराचा कागद आम्हांलाही दाखवला होता. इंग्रजी आणि अरबी अशा दोन भाषांत होता. आम्ही चष्मा लावला आणि पगाराचा आकडा पाहिला. रुपयांत गुणाकार केला आणि पेढे वाटले. रजेचे कलम कोणीच वाचले नाही. ती गेली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले. तिने रजा मागितली. परीक्षा तोंडावर आहेत, मार्चनंतर पाहू, असे उत्तर मिळाले. करारात तातडीच्या रजेचा शब्दच नव्हता. न विचारता निघावे तर नोकरी जाणार, डोक्यावर जाण्यासाठी काढलेले कर्ज. ती रोज फोन करायची. तिथे दुपारी दोनला शाळा सुटली, की इथे साडेतीन वाजलेले असायचे. पाचव्या दिवशी वडील गेले. मग तिला रजा मिळाली. विमान, रेल्वे आणि एस.टी. करीत ती मानोऱ्यात पोचली, तो तिसरा दिवस होता. अंत्यविधी होऊन गेला होता. जलदान विधीला ती बसली आणि आठव्या दिवशी परत गेली.

त्या शाळेचे नाव आम्ही लिहीत नाही. दोष केवळ शाळेचा नव्हता. कागद आमच्याही हातात होता आणि आम्ही तो वाचला नव्हता. हे आम्हांला आजही बोचते.

बंधू-भगिनींनो, रजा हा मालकाचा उपकार नाही, हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो कायदा कारखान्यांपुरता होता, शाळांसाठी नव्हता आणि परदेशात तर तो चालतच नाही. पण त्यामागचा विचार सगळीकडे लागू आहे. काम करणारा माणूस यंत्र नाही. त्याला विश्रांती हवी आणि त्या विश्रांतीत त्याची चूल बंद पडता कामा नये. ज्यांच्या नेत्याने हा विचार कायद्यात आणला, त्यांच्या मुलांनी रजेचे कलम न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

म्हणून परदेशी निघणाऱ्या शिक्षकाने आणि त्याच्या घरच्यांनी सही करण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, मोठ्या सुट्टीचा पगार मिळतो का? दोन महिने शाळा बंद, पण पगार एकाच महिन्याचा, असे असेल तर घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब आधीच बदलावा लागेल. वर्षाच्या मधेच नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्या सुट्टीचा पगार किती, हेही वेगळे विचारा. देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात एक वर्ष काम झाल्यावर वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आहे. सौदी अरेबियात २१ दिवस आणि पाच वर्षांनंतर ३० दिवस. शाळेची सुट्टी या रजेत धरली जाते की वेगळी, ते कागदावर हवे.

दुसरी, तिकीट कोण काढणार? दरवर्षी की दोन वर्षांतून एकदा? साऱ्या शाळांची सुट्टी एकाच वेळी लागते, म्हणून त्या आठवड्यात विमानाचे भाडे भडकते. शाळा तिकिटाचे ठरावीक पैसे देणार असेल, तर वरचे आपल्याच खिशातून जातात. तारीख कळताच तिकीट काढलेले बरे.

तिसरी, तातडीची रजा. आईवडिलांचे आजारपण आणि मृत्यू, या दोन्हींसाठी किती दिवस, पगारी की बिनपगारी, हे स्वतंत्र कलमात असावे. अमिरातीच्या त्याच कायद्यात आई किंवा वडील वारले तर तीन दिवसांची पगारी रजा आहे. पण तीन दिवसांत मानोऱ्याला येऊन परत जाणे होत नाही. म्हणून त्याला जोडून बिनपगारी रजा मिळेल का, हे आधीच ठरवावे.

चौथी, पासपोर्ट कोणाजवळ राहणार? आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो कुलपात ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. सौदीत देश सोडून परत येण्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. त्याला किती दिवस लागतात, हे तिथे पोचताच माहीत करून घ्या. आजारपणाचा फोन आल्यावर धावपळ नको.

पाचवी, दलालाची फी. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. जो लाख-दीड लाख मागतो, त्याला नोंदणीचा क्रमांक विचारा. कर्ज जितके मोठे, तितकी रजा मागायची हिंमत कमी होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे अडचण आलीच तर भारतीय वकिलातीकडे जावे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली 'मदद' नावाची तक्रार नोंदवण्याची सोय सुरू केली, तिचाही उपयोग करावा.

हे झाले जाणाऱ्याचे. आता घरच्यांनी काय करावे?

आमच्याकडे परदेशातून लेक किंवा लेक्रू आले, की पहिली नजर पेटीकडे जाते. अत्तर, बदाम, ब्लँकेट, आत्याच्या नातवाला घड्याळ. मग पंधरा दिवस दिग्रस, कारंजा, मंगरूळपीर, वाशिम असे पाहुण्यांच्या घरी फिरणे. अकरा महिने उभे राहून शिकवणारी मुलगी सुट्टीतही पाय टेकत नाही. पहिल्या वर्षी आमच्या लेकीचेही असेच झाले. जाताना तिच्याजवळ बसभाड्यापुरते पैसे होते आणि आईशी निवांत बोलणे झालेच नव्हते.

वडील गेल्यानंतरच्या जुलैत ती आली, तेव्हा तिची आई तिला म्हणाली, "तू येतं तवा निंदण चालू रायते. तुह्यापाशी बसू कवा? पैसे नोको धाडू माय, बसाले ये." ही माउली शाळेत गेलेली नाही, पण तिने आम्हां साऱ्यांना शिकवले. त्या वर्षापासून घरच्यांनी ठरवले, की लेक आल्यावर पहिले आठ दिवस आई निंदणाला जाणार नाही. बुडालेली मजुरी लेकीने भरून द्यायची, पेटीतल्या वस्तूंच्या ऐवजी. पाहुण्यांना निरोप गेला, की भेटायचे असेल त्यांनी संध्याकाळी विहारात यावे. सकाळी मायलेकी एका चुलीजवळ बसतात आणि संध्याकाळी लेक ग्रंथ वाचते. वाचन संपल्यावर दहावीची मुले तिच्याभोवती विज्ञानाची पुस्तके घेऊन बसतात. तासभरच, त्याहून जास्त तिच्याकडून घ्यायचे नाही, असे आम्ही मुलांना बजावले आहे. ती इथे विश्रांतीला आली आहे, दुसऱ्या नोकरीला नाही.

जाणाऱ्याला शक्य असेल तर कुटुंबही बरोबर न्यावे. आपल्या मराठी मुलखातले पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनी बुद्धधर्माच्या ओढीने १८९९ साली घर सोडले, तेव्हा मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. पुढे १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या कामासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा मात्र थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. हाच दामोदर पुढे जगप्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार झाला. साऱ्यांना हे परवडेल असे नाही. पण करारात कुटुंबाच्या व्हिसाची आणि मुलांच्या फीची सोय आहे का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आमची माता रमाई आठवा. बाबासाहेब परदेशात शिकत होते, तेव्हा मुंबईत त्यांनी काय सोसले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. ते सोसणे एका काळाची गरज होती. आज आपल्या लेकी नोकरीसाठी जातात, त्यांच्या मागे तसेच सोसणे उभे राहू नये, याची काळजी कागदावर सही करण्यापूर्वी घेता येते.

यंदा वस्तीतल्या आणखी एका मुलाचे परदेशी शाळेत जाण्याचे चालले आहे. तो करार घेऊन आमच्याकडे आला. या वेळी आम्ही पगाराचा आकडा शेवटी पाहिला. ती लेकही फोनवर होती. तिने कलमे एकेक करून वाचायला लावली. तातडीच्या रजेचे कलम त्यात नव्हते. त्याने शाळेला पत्र लिहून ते मागितले आहे. उत्तर यायचे आहे. कलम आले तर त्याची पेटी भरू आणि नाहीच आले, तर दुसरी शाळा शोधू, असे त्याच्या आईनेच आम्हांला सांगितले. आपल्या घरीही असा कागद आला असेल, तर विहारात घेऊन या. चार शिकलेली माणसे बसून वाचतील.

जयभीम!