आधी आडनाव सांगा!
आमच्या बीड जिल्ह्यात वादाचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला आहे : 'आपले आडनाव?' ऊसतोडणीच्या दराविषयी मी मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या, की कोणी अनोळखी गृहस्थ माझे म्हणणे खोडीत नाहीत; माझी जात शोधू लागतात. ती सापडली की उत्तर दिल्याचे समाधान!

२०२४ साली बजरंग सोनवणे येथून ६,५५३ मतांनी लोकसभेवर निवडून आले, आणि मोबाईलवरील मजकुरापायी काही गावांत बंद पाळले गेले. २०२५ साली जिल्हा पोलिसांनी आपल्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढून टाकले. खाकी वर्दीला जे जमले, ते आम्हां शिकल्यासवरल्यांना जमू नये?

वाचकहो, दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांची वाट धरतात. त्यांतल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांसाठी २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो प्रश्न कोणत्या जातीचा? आईबापांमागे फडावर जाणाऱ्या पोराची शाळा बुडते, ती कोणत्या आडनावाची?

भांडा, जरूर भांडा, पण मुद्द्याशी! आडनाव ओळखता येणे म्हणजे उत्तर देता येणे नव्हे.