भाड्याची खोली की गावचे घर?

इन्सुलीच्या एका भगिनीने विचारले आहे, "यजमान म्हापशाला कामाला आहेत. तिथे खोली घ्यावी, की कर्ज काढून गावी घर बांधावे?"

ताई, आधी सातबारा काढा. आपल्या कोकणात त्यावर आजोबांपासूनची नावे असतात. चुलते, आत्या, मुंबईचे भाऊ. अशा जागेत भिंतीआधी भाऊबंदकी उभी राहते. बँक संमती मागते. नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, पण तिलाही जागेचा कागद लागतो. म्हणून आधी वाटणी, मग पाया.

तोवर खोलीचे भाडे आणि रोजच्या एसटीचे भाडे शेजारी शेजारी मांडून बघा. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. खुद्द बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षे राहिले. दादरचे 'राजगृह' 1930 च्या दशकात झाले. खोली घ्याल तर करार लेखी करा, अनामतीची पावती घ्या. आडनाव ऐकून "खोली गेली" म्हणणारे आजही भेटतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणे हाताशी ठेवा.

आणि घर झाले की घरपट्टीच्या उताऱ्यावर यजमानांबरोबर तुमचेही नाव लावून घ्या. ते आपोआप लागत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो.